देवमाशाचा घोटा आणि बोडीतली म्हैस

साकोली तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी मला एक प्रश्न पाठवला आहे. देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे आणि त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते, असे त्यांनी वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलाने उभे राहून विचारले, "मग आमची म्हैस उन्हाळाभर बोडीत बसते, ती पण पुढे देवमासा होणार का?" वर्ग हसला, पण गुरुजींना उत्तर देता आले नाही. घरी गेल्यावर त्यांच्या मनात आणखी तीन प्रश्न उभे राहिले: देवमाशाचे पाय गेले कुठे, हे घडल्याचा पुरावा काय, आणि तसा पुरावा आपल्या विदर्भात का सापडत नाही.

गुरुजी, त्या मुलाचा प्रश्न हसण्यासारखा मुळीच नाही. देवमाशाचे नाते कोणत्या जनावराशी जोडावे, या कोड्यावर शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे घालवली, आणि त्या मुलाने नेमके योग्य कुळातल्या जनावराचे नाव घेतले आहे. मी भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावांत ३० वर्षे पशुवैद्यक म्हणून काम केले. त्यामुळे या प्रश्नाकडे मी समुद्राच्या बाजूने न पाहता गोठ्याच्या बाजूने पाहतो, आणि या विषयात ती वाट आडवळणाची नाही.

आधी सरळ उत्तर देतो. म्हैस देवमासा होणार नाही, आणि देवमासा म्हशीपासून झालेलाही नाही. दोघांचे नाते आजी-नातवाचे नसून चुलत घराण्यांचे आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण, डुक्कर, उंट आणि पाणघोडा हे सगळे समखुरी प्राणी, म्हणजे ज्यांच्या शरीराचा भार पायाच्या दोन मधल्या बोटांवर सारखा वाटलेला असतो असे. देवमासे आणि डॉल्फिन याच कुळात मोडतात. त्यांचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा, त्यानंतर गाई-म्हशींसारखे रवंथ करणारे प्राणी, आणि डुक्कर त्याच्याही पलीकडे. याचा अर्थ असा की नात्याच्या हिशेबाने आपली म्हैस डुकरापेक्षा देवमाशाला अधिक जवळची आहे. घोडा आणि गाढव तर विषमखुरी असल्यामुळे या घराण्यात येतच नाहीत. मी स्वतः हे प्रथम वाचले तेव्हा मला कित्येक दिवस ते पटले नव्हते. पटले ते हाडे पाहिल्यावर.

बाहेरून पाहिले तर देवमासा आणि मासा सारखे दिसतात, पण जनावर तपासण्याची सवय असलेल्या माणसाला फरक लगेच जाणवतो. देवमाशाला फुप्फुसे आहेत आणि श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. त्याचे रक्त उष्ण आहे. मादी पिल्लाला दूध पाजते, आणि तिचे दोन सड शेपटीच्या बाजूला, जननमार्गाच्या दोन्ही अंगांना, कातडीच्या चिरेत लपलेले असतात. गाई-म्हशींची कासही मागच्या दोन पायांमध्येच असते, हे लक्षात घ्यावे. आपल्या डेअरीवर म्हशीच्या दुधाला साधारण ७ फॅट लागली की शेतकरी समाधानी होतो. मोठ्या देवमाशांच्या दुधात स्निग्धांश ३० टक्क्यांच्या वर असतो, कारण थंड पाण्यात पिल्लाला झपाट्याने चरबीचा थर धरावा लागतो. गाईचे वासरू पुढचे दोन पाय आणि त्यांवर ठेवलेले डोके अशा स्थितीत बाहेर येते, आणि ते उलटे आले की आम्हाला रात्री-बेरात्री धावावे लागते. डॉल्फिनचे पिल्लू मात्र बहुधा शेपटीकडूनच जन्मते, म्हणजे त्यांच्याकडे पायाळू जन्म हाच नेहमीचा. जन्मल्याबरोबर पहिल्या श्वासासाठी त्यालाही वर यावे लागते. पाण्यात जन्मूनही पाण्यातली हवा घेता येत नाही, ही अडचण जमिनीवरच्या पूर्वजांकडून आलेली आहे.

पोहण्याची ढबही तेच सांगते. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, तर देवमासा वर-खाली. उधळलेले वासरू किंवा पळणारा कुत्रा बाजूने पाहिला, तर त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होते. सस्तन प्राण्याचा कणा धावताना असाच वर-खाली लवतो. देवमाशाने पोहताना तीच चाल वापरली आहे, फक्त पायांचे काम शेपटीकडे गेले आहे.

पण ही सगळी लक्षणे देवमासा सस्तन आहे एवढेच सिद्ध करतात. तो कोणत्या सस्तनाचा भाऊबंद आहे, हे त्यांवरून ठरत नाही. इथे खरा वाद होता आणि तो कसा मिटला, ही हकिगत मला फार मोलाची वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडचे विल्यम फ्लॉवर यांनी शरीररचनेवरून असे मत मांडले होते की देवमासे खुरी प्राण्यांच्या जवळचे असावेत. १९५० मध्ये बॉयडेन आणि जेमरॉय यांनी रक्तद्रवाच्या चाचण्या केल्या, तेव्हा देवमाशाच्या रक्तद्रवाची जुळणी समखुरी प्राण्यांशी सर्वांत जास्त आढळली. पण जीवाश्म अभ्यासणाऱ्यांचा कल वेगळ्या दिशेने होता. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हॅलेन यांनी दातांच्या साम्यावरून देवमाशांना मेसोनिकिड नावाच्या, नामशेष झालेल्या, मांस खाणाऱ्या खुरी प्राण्यांशी जोडले, आणि पुढची तीस वर्षे तेच मत प्रबळ राहिले. १९९० च्या दशकात डीएनएची तुलना होऊ लागली आणि प्रत्येक वेळी उत्तर पाणघोड्याकडे बोट दाखवू लागले. दात एक सांगत होते आणि जनुके दुसरे.

हा तंटा एका घोट्याच्या हाडाने मिटवला. गाय, शेळी, डुक्कर यांच्या मागच्या पायाचा जो सांधा उलट्या गुडघ्यासारखा मागे वळलेला दिसतो, त्यात अ‍ॅस्ट्रॅगलस नावाचे एक हाड असते. समखुरी प्राण्यांत या हाडाला वरही विहिरीच्या रहाटासारखी खाच असते आणि खालीही. घोड्यात वरची खाच असते, पण खालचा भाग जवळजवळ सपाट असतो. कुत्र्यात खालचा भाग गोलसर असतो. दोन्ही टोकांना रहाट असलेले घोट्याचे हाड दिसले की ते जनावर समखुरी आहे, हे आमच्या शास्त्रात निःशंकपणे सांगता येते. प्रश्न एवढाच होता की आजच्या देवमाशाला मागचे पायच नाहीत, मग त्याचा घोटा पाहायचा कुठे? उत्तर होते पाकिस्तानच्या डोंगरांत. फिलिप जिंजरिच यांच्या चमूला बलुचिस्तानात सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या दोन प्राचीन देवमाशांचे सांगाडे घोट्यासह मिळाले, तर हान्स थेविसन यांच्या चमूने पंजाब भागातील पाकिसेटस या आणखी जुन्या देवमाशाची हाडे अभ्यासली. सप्टेंबर २००१ मध्ये एकाच आठवड्यात दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले, आणि दोन्हींत तेच हाड होते: वर रहाट, खाली रहाट. जिंजरिच स्वतः तोवर मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. हाड हातात आल्यावर त्यांनी आपले मत जाहीरपणे बदलले. गुरुजी, विज्ञान शिकवताना मुलांना हा भाग जरूर सांगा. उत्तर बदलले म्हणून विज्ञान कच्चे ठरत नाही. हाड समोर ठेवल्यावर ज्याचे मत बदलते, तोच खरा अभ्यासक.

यानंतर दुसरी घटना आपल्या देशातली आहे, आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असायला हवी असे मला मनापासून वाटते. ए. रंगा राव या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात कालाकोटजवळ हाडांनी भरलेले खडक गोळा केले होते आणि १९७१ मध्ये त्यांतील एका प्राण्याला इंडोह्यस असे नाव दिले होते. बाकीचे खडक न फोडता तसेच त्यांच्या घरी राहिले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्या स्वाधीन केले. खडक साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचे कानाजवळचे हाड तुटले, आणि त्या तुटलेल्या कडेवर सगळ्यांची नजर खिळली. मध्यकर्णाला वेढणाऱ्या हाडाच्या वाटीचा आतला काठ जाडजूड होता. ही जाडी तोवर फक्त देवमाशांच्या कुळातच माहीत होती. २००७ मध्ये थेविसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारताचे सुनील बाजपेयी आणि बी. एन. तिवारी होते, हा शोध प्रसिद्ध केला.

इंडोह्यस हा देवमाशासारखा दिसत नव्हता. तो साधारण मोठ्या मांजराएवढ्या अंगाचा, बारीक पायांचा, खुरे असलेला प्राणी होता. आपल्या मेळघाटच्या आणि पूर्व विदर्भाच्या जंगलांत पिसोरी नावाचे ठिपक्यांचे चिमुकले हरीण असते. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना इंडोह्यसची कल्पना पटकन येईल. पण त्याच्या पायांच्या हाडांचा बाहेरचा थर पाणघोड्याच्या हाडांसारखा जाड होता. असे जड हाड पळण्याला गैरसोयीचे, पण पाण्याच्या तळाशी पाय टेकून चालायला उपयोगी. त्याच्या दातांतील ऑक्सिजनच्या प्रकारांचे मोजमापही तो बराच वेळ पाण्यात काढत असल्याचे दाखवते. आफ्रिकेत पिसोरीचा एक भाऊबंद आजही राहतो. शिकारी पक्षी किंवा जनावर मागे लागले की तो सरळ ओढ्यात उडी मारतो आणि पाण्याखाली दडून बसतो. देवमाशाच्या घराण्याची पाण्याशी पहिली सोयरीक बहुधा अशीच, जीव वाचवण्यासाठी, झाली असावी. पाण्यातले अन्न खाणे नंतर आले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. इंडोह्यसचे सांगाडे सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि पाकिसेटस त्याहून थोडा आधीचा, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा. मग पूर्वज वंशजानंतर कसा, असा प्रश्न हुशार मुलगा विचारेलच. उत्तर असे की इंडोह्यस हा पूर्वज नसून पूर्वजाच्या भावाचा वंश आहे. एका भावाची मुले शहरात गेली आणि बदलली, दुसऱ्याची गावातच राहिली आणि आजोबांच्या वळणावर टिकली. आजोबा कसे होते हे जाणायचे असेल तर आपण गावातल्या नातवाकडे पाहतो. जीवाश्मांत नेमका पूर्वज हाती लागला असे म्हणता येणे फार दुर्मीळ असते.

पुढची मालिका भारतीय उपखंडात एकामागून एक उलगडते. पाकिसेटस लांडग्याएवढा, लांब तोंडाचा, गोड्या पाण्याच्या उथळ ओढ्यांत वावरणारा प्राणी होता. १९९४ मध्ये वर्णन झालेला अँब्युलोसेटस सुमारे तीन मीटर लांब होता. मोठी मागची पावले आणि लवचिक कणा यांच्या जोरावर तो पोहत असे. नवेगाव-नागझिराच्या परिसरात ज्यांनी पाणमांजर पोहताना पाहिले आहे, त्यांनी ती चाल डोळ्यांसमोर आणावी. त्यानंतर गुजरातच्या कच्छमध्ये, जिथे १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी प्राचीन देवमाशांचे अवशेष नोंदवले, रेमिंग्टोनोसेटस आणि कच्छिसेटससारखे सुसरीसारख्या लांब जबड्याचे, आखूड पायांचे प्राणी किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात होते. हिमालय तेव्हा आजच्यासारखा उभा नव्हता. भारताची भूमी आशियाला भिडत होती आणि दोहोंमध्ये टेथिस नावाचा उथळ, उबदार समुद्र आटत चालला होता. त्याच समुद्राच्या काठी हे सगळे घडले. पेरू देशात सुमारे ४ कोटी २६ लाख वर्षांपूर्वीचा चार पायांचा देवमासा सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, म्हणजे पाय असतानाच या घराण्याने महासागर ओलांडला होता.

शेवटी येतो बॅसिलोसॉरस, १५ मीटरहून लांब आणि पूर्णपणे समुद्रातला. १८३४ मध्ये रिचर्ड हार्लन यांना तो सरपटणारा प्राणी वाटला, म्हणून नावात 'सॉरस' राहिले. दातांवरून तो सस्तन असल्याचे रिचर्ड ओवेन यांनी नंतर दाखवले. इजिप्तच्या वाळवंटात वादी अल-हितान येथे अशा देवमाशांचे शेकडो सांगाडे आहेत, आणि तिथेच मिळालेल्या बॅसिलोसॉरसच्या मागच्या पायांचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले: मांडी, गुडघा, घोटा, बोटे, सगळे जागेवर, पण एवढ्या अजस्र शरीराला माणसाच्या पायाहूनही छोटे.

पाय गेले कुठे, याचे उत्तर यातच आहे. ते एका दिवसात गळून पडले नाहीत. पिढ्यानपिढ्या लहान होत गेले. आजही बहुतेक देवमाशांच्या पोटाजवळ स्नायूंत बुडालेली दोन सुटी हाडे असतात. ती कंबरेची हाडे आहेत; ती कण्याला जोडलेली नसतात, पण जननेंद्रियांचे स्नायू त्यांना धरून असतात, त्यामुळे ती अगदीच निरुपयोगी आहेत असे म्हणू नये. याहूनही बोलका पुरावा गर्भात आहे. डॉल्फिनचा गर्भ साधारण महिनाभराचा असताना त्याला मागच्या पायांचे छोटे कोंब फुटतात, आणि पुढच्या काही दिवसांत वाढीचा जनुकीय संदेश न मिळाल्याने ते विरून जातात. गाईच्या गर्भालाही असेच कोंब फुटतात, फक्त तिथे संदेश चालू राहतो आणि पाय तयार होतो. २००६ मध्ये जपानमध्ये पकडलेल्या एका डॉल्फिनला मागच्या बाजूस परांची जास्तीची जोडी होती. बंद पडलेली जुनी वाट कधी तरी अर्धवट उघडते ती अशी. पुढचे पाय मात्र टिकले. देवमाशाच्या पुढच्या पराच्या आत दंड, हात, मनगट आणि बोटे यांची हाडे शाबूत असतात.

कानाबद्दल थोडे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पाण्यात हवेसाठी बनलेला कान जवळजवळ बहिरा होतो, आणि आवाज कोणत्या बाजूने आला हे कळत नाही. विहिरीत बुडी मारणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवले आहे. गाईच्या खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला नस शिरण्याचे एक बारीक छिद्र असते. देवमाशात तेच छिद्र प्रचंड मोठे झाले आहे आणि त्यात भरलेली चरबी आवाज थेट मध्यकर्णापर्यंत नेते. पाकिसेटसमध्ये छिद्र लहान आहे, अँब्युलोसेटसमध्ये मोठे, कच्छच्या देवमाशांत आणखी मोठे. एका छिद्राची अशी क्रमवार वाढ दगडात पाहायला मिळणे, याहून स्पष्ट पुरावा मी माझ्या वाचनात पाहिलेला नाही. नाकपुड्यांचेही तसेच: पाकिसेटसमध्ये तोंडाच्या टोकाशी, नंतरच्यांत मागे सरकत मध्यावर, आणि आजच्यांत डोक्यावर.

आता त्या मुलाच्या म्हशीकडे परत येऊ. म्हैस पाण्यात बसते ती गारव्यासाठी, कारण तिची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. ती पाण्यात कितीही बसली तरी तिच्या पारडूला त्यामुळे वेगळे काही मिळत नाही. बदल घडतो तो निवडीतून. वर्धा भागातली गवळाऊ गाय चपळ झाली, कारण पिढ्यानपिढ्या लोकांनी चपळ बैल निवडून पैदास केली. बैल पळवल्याने वासरे चपळ जन्मली नाहीत. निसर्गात निवडणारा माणूस नसतो. ज्या पिल्लात जन्मतःच थोडा सोयीचा फरक असतो, ते जगते आणि त्याचा वंश वाढतो, एवढेच. ओढ्यात दडणाऱ्या प्राण्यापासून पूर्ण समुद्री देवमाशापर्यंत सुमारे ८० लाख ते १ कोटी वर्षे गेली. पिढी पाच वर्षांची धरली तर ८० लाखांत १६ लाख पिढ्या होतात. आणि त्यांतला कोणताही प्राणी अर्धवट नव्हता. अँब्युलोसेटस हा 'अर्धा देवमासा' म्हणून जगत नव्हता. तो आपल्या पाणथळ जागेत पुरता सक्षम शिकारी होता.

पाण्यात परतलेले हे एकच घराणे नाही. समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, हत्तीच्या कुळातली. तिचे सड हत्तिणीसारखेच पुढच्या पायांपाशी असतात, आणि जमैकामध्ये तिचा चार पायांनी चालू शकणारा प्राचीन नातेवाईक सापडला आहे. सील हे अस्वल-पाणमांजर यांच्या बाजूचे मांसभक्षी. तिन्ही घराणी स्वतंत्रपणे पाण्यात गेली.

विदर्भात देवमाशाचे हाड का नाही, याचे कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाने आपला बराच प्रदेश झाकला, आणि देवमाशांच्या आरंभकाळी इथे कोरडी जमीन होती, समुद्राचा गाळ साठतच नव्हता. आपल्याकडचा ठेवा त्याहून जुना आहे: चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधम येथे डायनासोरांचे अवशेष मिळाले आहेत. मुलांना तिथे न्यायला हरकत नाही, पण तिथले काहीही उचलून आणू देऊ नका.

वर्गात दाखवण्यासाठी हाड हवे असेल तर आठवडी बाजारातल्या खाटकाला शेळीच्या मागच्या पायाचा घोट्याचा सांधा न तोडता मागा. तो पाण्यात चांगला उकळा, मांस सैल झाले की हाडे सुटी करा, जुन्या ब्रशने घासा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. त्यांतले सुपारीहून थोडे मोठे, दोन्ही टोकांना खाच असलेले हाड त्या मुलाच्या हातात द्या आणि अंगठा वरच्या खाचेत, मग खालच्या खाचेत फिरवायला सांगा. त्यानंतर फळ्यावर बलुचिस्तानातल्या देवमाशाचा घोटा काढून दाखवा.